शत्रूसाठी सोडलेलं पाणी

इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावरच्या मिन्स्मिअर राखीव क्षेत्रात मार्चमध्ये अ‍ॅव्होसेट परततात आणि पक्षिनिरीक्षकांच्या दुर्बिणी तिकडे वळतात. काळापांढरा, उंच पायांचा हा पक्षी वर वळलेली बारीक चोच उथळ पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत किडे टिपतो. बघणाऱ्याला वाटतं, हा किनारा अनादि काळापासून असाच असणार. कागदपत्रं मात्र सांगतात की ही दलदल माणसाने आटवली, माणसानेच बुडवली, आणि आजही तिचं पाणी माणूसच राखतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांध घालून, चर खणून मिन्स्मिअरची दलदल गुरांसाठी कोरडी करण्यात आली. असं अनेक ठिकाणी घडलं. शिवाय शिकार आणि अंड्यांची लूट होतीच. 1840च्या दशकापर्यंत ब्रिटनमधली अ‍ॅव्होसेटची वीण थांबली. पुढे 1940 मध्ये जर्मन सैन्य किनाऱ्यावर उतरेल या भीतीने ही कुरणं मुद्दाम पाण्याखाली घातली गेली. शत्रू आला नाही, पाणी मात्र राहिलं. जवळच्या हॅव्हरगेट बेटावर तर सरावातल्या एका चुकार तोफगोळ्याने बांधाची उघाडी (पाणी सोडण्या-अडवण्याचं दार) निकामी केली आणि समुद्र आत शिरला. 1947 मध्ये या दोन्ही ठिकाणी अ‍ॅव्होसेटची घरटी सापडली. ज्या पक्ष्याचं चित्र पुढे ब्रिटनच्या सर्वांत मोठ्या पक्षिसंस्थेच्या बोधचिन्हावर आलं, त्याच्या पुनरागमनाचं श्रेय असं युद्धखात्याकडे जातं!

यावर कोणी म्हणेल, पाण्याचं एवढं काय? शिकार थांबली, पहारा बसला, म्हणून पक्षी टिकले. पहाऱ्याचं मोल आहेच; सुरुवातीला तर घरट्यांची जागाही गुप्त ठेवली होती. पण नुसत्या पहाऱ्याने भागलं असतं, तर मिन्स्मिअरमध्ये 1947 नंतर वीण चालू राहायला हवी होती. ती खंडित झाली. बर्ट अ‍ॅक्सेल 1959 मध्ये तिथे रक्षक म्हणून आले. त्यांनी माती खरवडून उथळ तळी आणि बोडकी बेटं तयार केली आणि पाण्याची पातळी व खारटपणा उघाड्यांनी आवरता येईल अशी व्यवस्था केली. 1963 मध्ये अ‍ॅव्होसेट तिथे पुन्हा वीण घालू लागले. मग हे प्राणिसंग्रहालयच झालं, असा आक्षेप उरतो. तो मला पटत नाही. तिथे पिंजरा नाही, कोणी चारा घालत नाही. पक्षी आपल्या मर्जीने येतात आणि जातात.

खरा धोका उलट्या तर्कात आहे. पाणथळ माणसाला घडवता येते, तर इथली बुजवू आणि दुसरीकडे नवी करू, हा युक्तिवाद आपल्याकडेही ऐकू येतो. मिन्स्मिअरचा दाखला त्याला आधार देत नाही. ब्रिटनमधली वीण थांबली तरी समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये हे पक्षी टिकून होते, म्हणून परतणारं कोणीतरी उरलं होतं. तरीही मध्ये शंभर वर्षं गेली. म्हणून आहे ते राखणंच शहाणपणाचं. आपल्याकडे कोकणातल्या खारभूमीच्या उघाड्या आणि गोव्यातल्या खाजणांच्या मानशी (तिथल्या उघाड्या) हेच पाणी आवरण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. त्यांच्या डागडुजीचा खर्च शेतीचा म्हणून धरला जातो. तो पक्षिसंरक्षणाच्या खात्यातही धरायला हवा.