माळ्याखालचा धूर : शाहूवाडीतल्या लाकडी जमिनीचा इतिहास

‘वुडन फ्लोअरिंग’ म्हटलं की आपल्यासमोर शहरातला गुळगुळीत फ्लॅट येतो. पण सह्याद्रीच्या कुशीतल्या घरांना लाकडी जमीन नवी नाही. फक्त ती तळमजल्यावर नव्हती, वर होती. माळा म्हणा, माडी म्हणा : खालच्या माणसाचं छत आणि वरच्या माणसाची जमीन एकच. शाहूवाडीच्या जुन्या घरांत ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कशी टिकली, आणि आता अचानक का खचायला लागली, हे या लेखात सांगतो. तुमच्या घरी जुना माळा असेल किंवा नवं फ्लोअरिंग करायचा विचार असेल, तर हा इतिहास थेट तुमच्या कामाचा आहे.

आधी एक साधा प्रश्न. तालुक्याची पश्चिम बाजू म्हणजे आंबा घाट आणि विशाळगडचा परिसर. जंगल दाराशी, पाऊस धो-धो. मग लाकूड एवढं हाताशी असताना सोपा आणि माजघर यांची जमीन मात्र शेणाने सारवलेली का?

उत्तर ओलाव्यात आहे. लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं. त्यातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. त्याच्या वर बराच काळ गेला की लाकूड सडू लागतं. पावसाळ्यात मातीतून वर येणारी ओल फळीला या मर्यादेखाली राहूच देत नाही, शिवाय मातीला टेकलेल्या लाकडाला वाळवीचा रस्ता मोकळा. सारवलेल्या जमिनीचं तसं नाही. ती ओल घेते, सोडते, आणि खराब झाली तर घरातली बाई सकाळी उठून पुन्हा सारवते. म्हणजे खालच्या जमिनीची देखभाल रोजच्या श्रमावर चालायची आणि लाकूड ठेवलं जायचं ते मातीपासून दूर, हवेत.

रचना सोपी होती. भिंतींवर आणि खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. यालाच कडीपाट म्हणतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, आणि घर किती मोठं हे खणांवर सांगायचे. काही घरांत फळ्या उघड्याच असत, काहींत वर मातीचा थर देऊन तोही सारवत. माळ्यावर माणसं झोपत, पण त्याचं मुख्य काम धान्य सांभाळण्याचं होतं. भाताच्या कणग्या, बियाणं, नाचणी. चार महिने सगळं ओलं असताना घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. माळा गळला किंवा कुजला तर पुढच्या वर्षीचं बी गेलं, एवढा तो महत्त्वाचा.

आता लाकूड कुठलं? इथे राज्यसत्ता आपल्या माळ्यावर येते. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ साधारण 1715 च्या सुमाराचं. अमात्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे आजचा गगनबावडा, याच डोंगररांगेत दक्षिणेला. त्यात आरमाराच्या प्रकरणात झाडांबद्दल स्पष्ट धोरण आहे : सागासारखी झाडं लागतील तेवढीच, परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादं जुनं झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून मोबदला द्यावा. म्हणजे साग हे दरबाराच्या नजरेतलं लाकूड आणि फणस हे परड्यातलं, घरचं.

गावातल्या साध्या घराचा माळा पाहताना ही विभागणी लक्षात ठेवा. सागाच्या रुंद फळ्या दिसल्या तर त्या घराची पैशाची किंवा अधिकाराची ऐपत होती, असा अंदाज करता येतो. फणस, जांभूळ, ऐन, किंजळ असं मिश्र लाकूड दिसलं तर ते घर आजूबाजूच्या रानातून आणि परड्यातून जमेल तसं उभं राहिलंय. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि संस्थानच्या जंगलांचा कारभार मुंबईच्या वनखात्याकडे गेला. तोवर या रानांवर संस्थानचा आणि विशाळगडच्या जहागिरीचा ताबा होता.

संशोधनातली एक अडचणही इथेच सांगतो. 1886 च्या गॅझेटियरमध्ये कोल्हापूरचा स्वतंत्र खंड आहे, पण त्यात झाडं एका प्रकरणात आणि घरं दुसऱ्या. झाडाची फळी होऊन ती घरात कशी बसली, ही मधली गोष्ट निसटते. ती वाचायची तर फळीच वाचावी लागते. माळ्याखाली उभं राहून टॉर्च तिरका मारा. खोलगट, सुपासारखे घाव दिसले तर ती वाकसाने तासलेली फळी. सरळ पण थोड्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर दोघांनी ओढलेली हातकरवत. गोलाकार कमानी दिसल्या तर ती यंत्राच्या गोल पात्यावर कापलेली, म्हणजे बरीच अलीकडची. एकाच माळ्यात तिन्ही खुणा सापडल्या तर दुरुस्तीचा क्रम तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

खुणा पाहताना आणखी एक गोष्ट दिसेल : काळा, चकचकीत थर. ही काजळी. घराला धुराडं नसायचं. चुलीचा धूर फळ्यांच्या फटींतून माळ्यावर आणि तिथून कौलांमधून बाहेर जायचा. भर पावसाळ्यातही रोज दोन वेळा ही ऊब लाकडाला मिळायची. शिवाय धुरातली फिनॉलसारखी द्रव्यं बुरशीला आणि किड्यांना नकोशी. धान्यातले सोंडेही कमी व्हायचे. जपानमधल्या शिराकावा-गो गावात हीच युक्ती आहे. तिथल्या उंच गवती छपरांच्या घरांत मधल्या शेकोटीचा धूर वरच्या मजल्यांच्या फटींतून चढतो आणि छपराचं गवत, दोर, लाकूड टिकवतो. त्या घरांना 1995 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पण या धुराची किंमत लाकडाने दिली नाही, बायकांनी दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले. म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणत चुलीकडे परत जा, असं मी अजिबात म्हणणार नाही. गॅस आला हे चांगलंच झालं. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर तो वाड्यावस्त्यांवरही बराच पोचला. प्रश्न एवढाच की चूल विझली तेव्हा माळ्याची राखण करणारं कुणी उरलं नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यात बाकीचे बदलही मिळाले. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला, आणि पुढे मंगलोरी कौलं सगळीकडे पसरली. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये आली आणि शहाबादी फरशीसारखा जड माल लांबून आणणं सोपं झालं. नंतर सिमेंट. आज माळ्याखाली पीव्हीसीचं सीलिंग ठोकतात, वर प्लास्टिकची चटई अंथरतात. फळी दोन्हीकडून कोंडली जाते. धूर नाही, हवाही नाही. मग दोन-तीन पावसाळ्यांत फळी पोकळ होते आणि आपण म्हणतो, “लाकूडच जुनं झालं.”

मग करायचं काय? जुना माळा असेल तर खालून सीलिंग लावू नका. लावलंच असेल तर दोन्ही टोकांना जाळी ठेवा. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं टोचून बघा, कुजायला तिथूनच सुरुवात होते. पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. कोरड्या, उघड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी देऊन, ते वाळल्यावर अळशीचं तेल लावा. जळकं ऑइल लावायची पद्धत गावोगाव आहे, पण खाली किंवा वर धान्य असेल तर ती टाळाच.

नवं फ्लोअरिंग स्लॅबवर करणार असाल तर दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून एक रात्र ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर थांबा. फळ्या आधी काही दिवस त्याच खोलीत ठेवा. भिंतीलगत साधारण 10 मिलिमीटर फट सोडा. उन्हाळा ते पावसाळा या काळात सागाची 9 इंची फळीही रुंदीत दोन ते चार मिलिमीटर फुगू शकते. मे महिन्यात घट्ट बसवलेली जमीन जुलैत उचलते, जुलैत बसवलेली एप्रिलमध्ये फटी दाखवते. दिवाळीच्या आसपासचा काळ मधला, म्हणून बरा. आणि फडक्याने पुसा, बादलीने धुऊ नका.

गावचं घर पाडायचं ठरलंच असेल तर एक विनंती. जुन्या लाकडाचा व्यापारी फळ्या गाडीत भरण्याआधी खालच्या बाजूचे फोटो काढा, खणांची मापं घ्या, आणि कुठल्या खणाखाली चूल होती ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. फळीचा भाव व्यापारी लावेल. कुठली फळी कुणाच्या चुलीच्या धुराने टिकली, हे सांगणारा कागद मात्र कुठल्याच दप्तरात नाही.