तगरच्या बाजारातला दिनार

तेरणाकाठचं तेर म्हणजेच जुनं तगर, हे आज धाराशिव जिल्ह्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली ते मांडेपर्यंत मात्र विद्वान तगर कधी देवगिरीला, कधी जुन्नरला, तर कधी धारूरला शोधत होते. ओळख पटली आणि तिच्यासोबत एक वाक्यही रूढ झालं : तेरच्या बाजारात रोमन नाणी चालत. रोमचा पैसा दख्खनमध्ये आला, याबद्दल वाद नाही. माझी हरकत आहे ती ‘चालत’ या क्रियापदाला.

तगरचा उल्लेख करणारा ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ इ. स. पहिल्या शतकातला, ग्रीक भाषेत लिहिलेला. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो सांगतो. (तेर पैठणच्या आग्नेयेला येतं, बंदरात बसून ऐकीव दिशा लिहिणाऱ्याला एवढी चूक माफ करायला हरकत नाही.) तगरहून साधं कापड आणि तलम वस्त्रं गाड्यांवर लादून अवघड वाटांनी भडोचला येत. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळी यांच्याबरोबर सोन्याचांदीचे दिनारही आहेत आणि त्यांच्यापुढे शेरा आहे, की इथल्या नाण्यांशी बदलताना त्यांवर नफा सुटतो. याच लेखकाने थोडं आधी लिहून ठेवलंय, की मिनँडर आणि अपोलोडोटस या यवन राजांचे जुने द्रम्म भडोचात अजून चलनात आहेत. म्हणजे परकं नाणं कुठे चालत असेल, तर तसं स्पष्ट नोंदवणारा हा माणूस आहे. दिनाराबद्दल तो ते म्हणत नाही. तो म्हणतो, बदलला जातो. बंदरातच ज्याचा मोड होत होता, ते नाणं महिनाभराची वाट तुडवून तगरच्या विणकराच्या हाती मजुरी म्हणून पडत असेल, असं मानायला आधार लागतो, आणि तो सापडत नाही.

विणकराच्या हाती मग काय पडत असेल? तेरचा हिशेब कुणी दगडावर कोरून ठेवलेला नाही. पण नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे त्याने २,००० कार्षापण ठेवले, दुसरीकडे १,०००. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक, दुसरीवर पाऊण असं व्याज. ठेव कार्षापणांत, व्याजही कार्षापणांत. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, अर्थात एका सुवर्णाला पस्तीस, असा भाव दिलेला आहे. हा सुवर्ण रोमचाच असेल, असा आक्षेप कुणी घेईल. वादासाठी तेही मान्य करू. तरी तो इथे मोजमापापुरता आहे, खर्चाला कार्षापणच. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. राजा बदलला की नाण्यावर नवा ठसा हवा, एवढा ज्या मुलखात कटाक्ष, तिथे रोमच्या बादशहाचं तोंड जसंच्या तसं बाजारात फिरलं असेल?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतापायी दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी रोमच्या प्लिनीची तक्रार होती. मग एवढा पैसा गेला कुठे? तमिळ मुलखात, विशेषतः कोइमतूरच्या बाजूला, रोमन नाण्यांचे साठेच्या साठे निघाले. महाराष्ट्रात ती तुरळक. वितळवली असतील, हे उत्तर मलाही पटतं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. जे मुशीत जातं त्याला सराफ धातू म्हणतो. राहिला शब्दांचा पुरावा : ‘दाम’ हा ग्रीक द्राख्मेचा वंशज, गुप्तांच्या लेखांतला ‘दीनार’ रोमन देनारियसचा. पण देनारियस मुळात चांदीचा आणि गुप्तांचा दीनार सोन्याचा. नाव टिकलं, नाणं पार बदललं.

तेरच्या मातीतून जे निघालं, ते मला या सगळ्यापेक्षा बोलकं वाटतं. रोमन नाण्याच्या घाटाची भाजक्या मातीची पदकं तिथे मिळाली आहेत. साच्यातून काढलेली, राजाचं मस्तक असलेली, वर दोरा ओवायची सोय केलेली. मातीचं नाणं देऊन कुणी कुणाला फसवू शकत नाही. ती गळ्यात घालायची वस्तू आहे. ज्या बाईला सोन्याचं परवडत नव्हतं, तिने मातीचं घातलं असावं. पुढे कित्येक शतकांनी व्हेनिसचा डुकाट आला, साडेतीन ग्रॅमचा, सोन्याचा. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश होता आणि मागे येशू. मराठी घरांनी त्या माणसांची नावं विचारली नाहीत. आकृती दिसली म्हणून नाण्याला ‘पुतळी’ म्हटलं आणि ओवून माळ केली. आज सोनार पुतळ्यांची माळ घडवतो, ती आपल्या देवतांच्या ठशांची.