लाईट गेली की वीजच गेली? ‘रिव्होल्यूशन’ बघताना प्रेक्षकांना पडलेले प्रश्न



आपण घरात सहज म्हणतो, "लाईट गेली." म्हणजे काय? तर तारेतून येणारा पुरवठा थांबला. पंखा बंद, वायफाय बंद, पण हातातला फोन चालू. टॉर्च लावतो आणि आधी खिडकीतून बघतो, शेजाऱ्यांची पण गेलीय का? त्यांचीही गेली असेल तर जरा बरं वाटतं!

आता समजा, त्याच क्षणी फोनही बंद पडला. टॉर्चही लागेना, रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. पॉवर बँक, घड्याळातला सेल, इन्व्हर्टर, सगळं मेलेलं. हे ‘लाईट जाणं’ नाही, ही वीजच नाहीशी झाली. नेमक्या याच कल्पनेवर अमेरिकेत एनबीसी चॅनलवर १७ सप्टेंबर २०१२ ला ‘रिव्होल्यूशन’ नावाची मालिका सुरू झाली. एरिक क्रिपकी याने ती लिहायला घेतली होती (पुढे ‘द बॉईज’ त्यानेच आणली). निर्मात्यांत जे. जे. अब्रॅम्सची कंपनी होती आणि पहिल्या भागाचा दिग्दर्शक होता ‘आयर्न मॅन’वाला जॉन फॅवरो. पहिला भाग एक कोटीहून जास्त लोकांनी बघितला. दोन सीझन, ४२ भाग झाले आणि मे २०१४ मध्ये मालिका बंद झाली.

मी ती बरीच उशिरा बघितली, आणि बघताना प्रत्येक भागाला पॉज करून भांडत होतो. नंतर कळलं की तिकडचे प्रेक्षकही पहिल्या आठवड्यापासून हेच करत होते. कथेपेक्षा "हे असं होईलच कसं?" यावरच जास्त बोललं गेलं. काहींनी नुसती टिंगल केली. पण त्यातले बरेच प्रश्न इतके चांगले होते की त्यांच्या मागे लागलं तर वीज म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकापेक्षा नीट समजतं. म्हणून हा लेख. पुढे कथेतल्या काही गोष्टी उघड होणार आहेत, मालिका बघायची असेल तर आधी बघून या.

गोष्ट थोडक्यात

बेन मॅथेसन धावत घरी येतो आणि बाथटबमध्ये, सिंकमध्ये, दिसेल तिथे पाणी भरायला लागतो. आई लहान चार्लीला आईस्क्रीम खायला देते, कारण ते पुन्हा मिळणार नाही हे तिला माहीत आहे. काही मिनिटांत सगळं बंद. मग कथा थेट १५ वर्षं पुढे जाते. सरकार उरलेलं नाही, तलवारी आणि बंदुका घेतलेल्या टोळ्यांचं राज्य आहे. आरन नावाचा एक माणूस आहे, जो पूर्वी गूगलमध्ये होता. बँकेत आठ कोटी डॉलर होते, आता त्या आकड्याला काही अर्थ नाही. मला मालिकेतला सगळ्यात आवडलेला माणूस हाच, कारण मीपण त्याच्यासारखा तिथे काही कामाचा नसतो.

पहिला प्रश्न: बॅटरी का चालत नाही?

हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी विचारला आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ग्रिड म्हणजे वीज केंद्रं, टॉवर, सबस्टेशन, तारा यांचं जाळं. ते कोसळू शकतं. ३१ जुलै २०१२ ला आपल्याकडे उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचे ग्रिड एकाच दिवशी बसले आणि साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात गेले. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडवर असल्यामुळे आपण वाचलो. ‘रिव्होल्यूशन’ सुरू व्हायच्या सात आठवडे आधीची ही गोष्ट. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची पाळी आली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल गेले.

या सगळ्या वेळी फोन मात्र चालू होते. कारण बॅटरी ग्रिडमधून वीज ‘आणत’ नाही. तिच्या आत रासायनिक क्रिया होते आणि त्यातून इलेक्ट्रॉन वाहतात. ग्रिड फक्त ती भरायला लागतो. फोन चालू असूनही काही तासांनी नेटवर्क जातं, ते वेगळं प्रकरण. मोबाईल टॉवरला स्वतःची बॅटरी असते, कुठे कुठे डिझेल जनरेटरही असतो. ती संपली की तुमच्या फोनमध्ये ८० टक्के चार्ज असूनही त्याचा कॅमेरा आणि टॉर्चच उरतो. स्पेनमध्ये दुपार सरता सरता हेच झालं, आणि लोक सेलवर चालणारे रेडिओ शोधत फिरले.

तर सेलसुद्धा मरायचा असेल तर ग्रिड बिघडून भागत नाही. इलेक्ट्रॉनची हालचालच कोणीतरी थांबवायला हवी. आणि इथून खरी गंमत सुरू होते.

मग आपण जिवंत कसे?

मराठीत ढगातली पण वीज आणि तारेतली पण वीज. आपला शब्दच सांगतो की दोन्ही एक आहेत. मग मालिकेतल्या जगात पाऊस पडतो तेव्हा वीज चमकणार की नाही? आणि त्याहून अवघड म्हणजे, आपलं शरीर? प्रत्येक मज्जापेशीच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. सोडियम, पोटॅशियमचे आयन आतबाहेर करतात आणि संदेश पुढे जातो. हृदयाचा प्रत्येक ठोका असाच पडतो, ईसीजीमध्ये आपण तोच कागदावर बघतो. वीज खरोखर ‘संपली’ असती तर चार्लीला आईस्क्रीमचा दुसरा चमचाही मिळाला नसता.

म्हणजे लेखकांना असं काहीतरी हवं होतं जे तारेतली वीज ओळखेल आणि हृदयातली सोडून देईल. निर्माते सुरुवातीपासून सांगत होते की कारण ठरलेलं आहे, धीर धरा. पहिल्या सीझनच्या उत्तरार्धात ते आलं: नॅनाइट. धुळीपेक्षा बारीक, स्वतःच्या प्रती स्वतः तयार करणारी यंत्रं. हवेत सगळीकडे पसरलेली आणि वीज शोषून घेणारी. स्वस्त वीज बनवण्याच्या प्रयोगातून ती निघाली, हातून सुटली आणि उलटंच झालं.

माझ्या मते हे उत्तर वाटलं तेवढं वाईट नव्हतं. यंत्र आहे म्हणजे त्याला प्रोग्रॅम आहे, आणि प्रोग्रॅम आहे म्हणजे ‘हे शोष, ते सोड’ असं सांगता येतं. हृदयाचा प्रश्न तिथे सुटतो. पण एक धागा लोंबकळत राहतो. शोषलेली ऊर्जा जाते कुठे? ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, बहुतेक वेळा उष्णता होते. जगभरच्या बॅटऱ्या आणि वीज केंद्रं पिऊन टाकणारे हे किडे तापले पाहिजेत. मालिकेत ते थंडच राहतात.

वाफ, डिझेल आणि आकाशातून पडणारी विमानं

पेट्रोल इंजिन बंद पडणं बरोबर आहे. त्यात स्पार्क प्लगची ठिणगी लागते आणि ठिणगी म्हणजे वीज. डिझेलचं तसं नाही. त्यात हवा इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. नव्या डिझेल गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर आहेत, ती चालणार नाही, मान्य. पण विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आठवा, हँडल मारून सुरू व्हायचं ते. आमच्या गावाकडे एक होतं. त्यात वायरच नव्हती. जगात इतकी अशी इंजिनं असताना मालिकेतले लोक घोड्यावर का? इंधन कुठून आणणार हे एक उत्तर आहे, पण डिझेल इंजिन खाद्यतेलावरही चालवता येतं. रुडॉल्फ डिझेलच्या काळातच एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं.

वाफेच्या इंजिनाबद्दल तर प्रेक्षक फारच चिडले होते. पाणी, कोळसा, बॉयलर, पिस्टन, झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा एडिसनचा दिवा यायला अजून २६ वर्षं होती. मग १५ वर्षांत अमेरिकेत कोणालाच रेल्वे सुचली नाही? इथे मात्र मालिकेची बाजू घ्यायला हवी. पाचव्याच भागात वाफेची गाडी येते. पण तोपर्यंत बऱ्याच जणांनी मत बनवून टाकलं होतं. उत्तर तयार असूनही ते उशिरा दिलं की काय होतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

विमानांचंही तसंच. पहिल्या भागात विमानं गिरक्या घेत दगडासारखी पडतात. दिसायला भारी आहे, पण इंजिन बंद पडलं म्हणून विमान असं पडत नाही, ते तरंगत खाली येतं. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद झाली. पंखा वाऱ्यावर फिरून थोडा दाब देत होता, तेवढ्यावर वैमानिकांनी गिम्ली इथल्या जुन्या धावपट्टीवर ते उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. हां, सगळं कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या विमानाची गोष्ट वेगळी, तिथे मी मालिकेशी भांडणार नाही.

धुतलेले कपडे आणि शाम्पू केलेले केस यावरही लोक खूप हसले. त्यावर मी काय बोलणार, आपल्या मालिकांत बायका झोपेतून मेकअप करूनच उठतात.

मॅगीचा आयफोन

आता ज्या प्रश्नासाठी मी हा लेख लिहायला बसलो तो. मॅगी नावाची एक ब्रिटिश डॉक्टर आहे. वीज गेली तेव्हा ती अमेरिकेत होती आणि तिची मुलं इंग्लंडमध्ये. १५ वर्षं ती एक बंद आयफोन जवळ बाळगते, कारण मुलांचे फोटो फक्त त्यात आहेत. तिसऱ्या भागात एका खास पेंडंटमुळे काही क्षण वीज परत येते, फोन लागतो आणि स्क्रीनवर मुलं दिसतात. मग पुन्हा अंधार.

तांत्रिक उत्तर कडू आहे. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला थोडी थोडी उतरते. खूप उतरली की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो आणि मग ती चार्ज घेतच नाही, काही वेळा फुगते. म्हणजे १५ वर्षांनी बॅटरी गेलेलीच. पेंडंट थेट वीज देतं असं धरलं तरी पुढचा प्रश्न आहे मेमरीचा. फोनची फ्लॅश चिप फोटो साठवते म्हणजे बारीक कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवते. ते हळूहळू गळतात. कमी वापरलेल्या चिपसाठी दहा वर्षांचा हिशेब सहसा धरतात. जास्त वापर आणि उष्णता असेल तर त्याहून कमी. त्यामुळे मॅगीला मुलं दिसली असती का? कदाचित अर्धी.

हे मला माहीत आहे कारण माझ्याकडे असंच झालं. आजीचे शेवटचे फोटो माझ्या जुन्या फोनच्या मेमरी कार्डात होते. फोन कपाटात सात-आठ वर्षं पडून. काढला तेव्हा बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं होतं. (अशी बॅटरी दिसली तर चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, तशीच दुकानात द्या.) रिपेअरवाल्या पोराने दुसरी बॅटरी घातली, फोन लागला, कार्ड उघडलं. काही फोटो नीट होते. काहींत वर आजीचं कपाळ आणि डोळे, खाली नुसता राखाडी पट्टा.

तुमच्याकडे असा फोन असेल तर आजच फोटो दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा. एक कॉपी घरातल्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी क्लाऊडवर चालेल. फोन जपायचाच असेल तर अर्धा चार्ज करून बंद ठेवा आणि पाच-सहा महिन्यांनी पुन्हा अर्धा करा. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण उतरलेला ठेवू नका. गरम जागी तर अजिबात नको. आणि दोन-चार फोटोंच्या प्रिंट काढा. कागदाला चार्जिंग लागत नाही.

मॅगीचा तो प्रसंग मी नंतर आईला दाखवला. मी शेजारी बसून बॅटरीचं, तांब्याचं, कप्प्यांचं सगळं सांगत होतो. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. स्क्रीन काळी झाल्यावर म्हणाली, "पंधरा वर्षं म्हणजे, केवढी मोठी झाली असतील रे तिची पोरं."