रुळांचे सांधे आणि परतीची वीज

नागावला आगगाडी येत नाही. तरीही विजेच्या रुळांचा इतिहास सांगावयाचा तर आम्हां नागावकरांस फार दूर जावे लागत नाही. अलिबागपर्यंत गेले की पुरे. तेथील चुंबकीय वेधशाळा मुंबईच्या ट्रामगाडीमुळे या किनाऱ्यावर आली, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ती का आली, हे समजण्यास मात्र रुळांखाली डोकवावे लागते.

कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे दिसू लागले, तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्यापुढे संकट उभे राहिले. ट्रामला वीज डोक्यावरच्या तारेने मिळते आणि रुळांतून ती परत जाते. दोन रूळ जेथे मिळतात तेथे फट असते, गंज असतो; म्हणून सांध्यावरून तांब्याची जाड तार घालावी लागते. ती तार तुटली वा सैल झाली की वीज जमिनीतून वाट काढते. सांधे उत्तम असले तरी थोडी वीज झिरपतेच, आणि तेवढ्याने वेधशाळेतील नाजूक सूची थरथरू लागते. अलिबागला १९०४ मध्ये वेध सुरू झाले आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी ते बरोबरीने चालले. म्हणूनच जुनी नोंद नवीस जोडता आली. विजेची पहिली ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. सरकारी कामात इतकी आधीची तयारी आम्ही तरी फारशी पाहिलेली नाही!

आता हाच सांधा लहान रूपात पाहू. पुण्यास १९९८ साली भाऊसाहेब जोशी यांनी लघुरेल्वेचे संग्रहालय उघडले. तेथील देखावा कायम एका जागी आहे. परंतु शाळेच्या प्रदर्शनासाठी अशी आगगाडी न्यावयाची, तर देखाव्याचे मेजाएवढे तुकडे करावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला वीज तोडून पुन्हा जोडावी लागते. रुळांच्या टोकांवर विसंबून हे काम होत नाही. मेजाखालून जाड तारांची जोडी न्यावी आणि मेजामेजांमध्ये प्लग घालावा. समजा, अकरा मेजे आहेत आणि प्रत्येक जोडणीत एक दशांश ओहम रोध आहे. जाण्याचे दहा व परतीचे दहा, असे वीस सांधे; म्हणजे २ ओहम. १ अँपिअर वाहिला तर १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच जातात, आणि शेवटच्या मेजावर गाडी रेंगाळते. लोक इंजिनाला दोष देतात.

प्लग कोणता घ्यावा? घरातील दोन पिनांचा स्वस्त मिळतो, पण तो आम्ही सपशेल नाकारू. तो उलटाही बसतो, म्हणजे गाडी उलट धावते. आणि एखादे पोर तो भिंतीत खुपसील, ही भीती मोठी. ती काल्पनिक नव्हे. इंग्लंडात हॉर्नबी कंपनीने १९२५ साली काढलेली विजेची पहिली आगगाडी घरच्या दिव्याच्या विजेवरच, मध्ये एक दिवा जोडून, चालत असे! लवकरच कंपनीला कमी दाबाची गाडी काढावी लागली. १९३८ ची तिची डब्लो गाडी १२ व्होल्टची होती.

अमेरिकेत १९७० नंतर एनट्रॅक या नावाने छांदिष्टांनी एका मापाचे तुकडे बनविले, म्हणजे कोणाचाही तुकडा कोणाच्याही शेजारी बसावा. त्यांनी प्रथम सिंच-जोन्स प्लग घेतले. ते उलटे बसत नाहीत, पण त्यांत नर-मादी असा भेद आहे. दोन नर समोरासमोर आले की मधली तार शोधत फिरावे लागते. पुढे पुष्कळांनी अँडरसन पॉवरपोल पत्करले. त्याची दोन्ही अंगे सारखीच, एकमेकांत अडकणारी. रंगीत तुकडे शेजारी ठेवून त्यांचा क्रम सर्वांनी एकच पाळला की चूक होत नाही. तो क्रम मात्र पहिल्या मेजाच्या आधीच ठरवावा आणि प्रत्येक मेजाखाली रंगाने लिहून ठेवावा.