केंद्रशाळा, पट आणि बौद्धवाडी : मालवणातील जिल्हा परिषद शाळा

गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा एकटी नसते. आठ-दहा गावांच्या शाळा मिळून एक 'केंद्र' होते, त्यातली एक केंद्रशाळा. केंद्रावर केंद्रप्रमुख, त्यावर बीटचे विस्तार अधिकारी, मालवण पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि ओरोसला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). राज्यात केंद्रप्रमुखांची 4,860 पदे मंजूर आहेत. आपल्या शाळेचा निर्णय कोणत्या टेबलावर होतो हे कार्यकर्त्याला माहीत हवे, म्हणून ही उतरंड आधी सांगितली.

सध्याचा प्रश्न पटाचा आहे. 2001 मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 झाली. तरुण कुटुंबे मुंबई-गोव्याला जातात, उरलेल्यांतले ऐपतवाले इंग्रजी माध्यमाची गाडी पकडतात. वाडीच्या शाळेत मग कोणाची मुले राहतात, ते वेगळे सांगायला नको.

2023 मध्ये शिक्षण विभागाने वीस किंवा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळे'चे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा 14,783 शाळा होत्या. मोठ्या शाळेत खेळगडी मिळतील, विषयवार शिक्षक मिळतील, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळणे सोपे नसते. पण शिक्षण हक्क नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे अंतर धरले आहे, आणि कोकणात हे अंतर नकाशावर कळत नाही. देवबाग ही कर्ली खाडी आणि समुद्र यांमधली चिंचोळी पट्टी. समोरचे भोगवे डोळ्यांना दिसते, पण तालुका वेंगुर्ला आणि मध्ये खाडी. बौद्धवाडी तर बहुतेक गावांत टोकाला. पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलीला व्हाळ ओलांडून पाठवायचे की नाही, हे आईच ठरवते. मुलगी घरी राहिली तरी कागदावर शाळा 'समायोजित' झालेली असते.

सार्वजनिक शाळेचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पाणवठे-धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या करा, असे त्यात होते. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात होते; सावंतवाडी मात्र संस्थान. ठराव झाला तरी अंमल झाला नाही, म्हणून 1927 ला महाडला जावे लागले.

आज हातात असलेले साधन म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार तिच्यात किमान 75 टक्के पालक आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात. अनुसूचित जाती त्या घटकात येतात. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. बऱ्याच ठिकाणी मात्र आपल्या बायांची सही घरी वही पाठवून घेतली जाते. विहारासाठी वर्गणी काढणाऱ्या मुंबईकर मंडळींनी या वहीचीही चौकशी करावी.

समायोजनाची कुणकुण लागली तर समितीची सभा रीतसर बोलवा. वाडीपासून नव्या शाळेपर्यंतचे चालण्याचे अंतर, व्हाळ-खाडी, एसटीच्या वेळा आणि मुलांची संख्या ठरावात लिहा. ठरावाची प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी दोघांना द्या व पोच घ्या.