कर्णवेध आणि कापसाची वात

सोनारानेच कान टोचावेत, अशी मराठीत म्हण आहे. अधिकारी माणसाचा बोल निमूटपणे ऐकला जातो, हा तिचा आशय. परंतु टोचल्यानंतर त्या छिद्राची निगा कशी राखावी, याविषयी म्हण मौन पाळते. ते ज्ञान सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात विस्ताराने आले आहे.

सहाव्या वा सातव्या महिन्यात बालकास दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे. वैद्याने डाव्या हाताने कानाची पाळी ओढून धरावी आणि सूर्यप्रकाश जिथून आरपार दिसेल तिथेच उजव्या हाताने सुई सरळ घालावी. रक्त वा वेदना फार झाल्यास जागा चुकली असे समजावे. खरी दक्षता मात्र यापुढेच आहे. छिद्रात कापसाची वात घालून तिच्यावर कच्चे तेल शिंपडावयाचे आणि दर तिसऱ्या दिवशी ती बदलून किंचित जाड वात बसवावयाची. छिद्र वाढवावयाचे ते क्रमाक्रमाने.

सुई ओबडधोबड असली किंवा वात फार जाड झाली, तर कान दुखतो व सुजतो. अशा वेळी दागिन्याचा मोह सोडून वात तत्काळ काढावी. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव व तीळ यांचा लेप मधतुपात कालवून लावावा आणि जखम पूर्ण भरल्यावरच पुन्हा टोचावे, असे संहिता सांगते.

वाढविलेली पाळी कधी फाटून दुभंगे. ती सांधण्याचे पंधरा प्रकार याच अध्यायात आहेत आणि अखेरीस गालाच्या कातड्याने नाक घडविण्याची रीतही आहे. कपाळाचे कातडे घेऊन पुण्याजवळ झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त 1794 साली लंडनच्या एका मासिकात छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 साली लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया यशस्वी केली.

सुश्रुताला जंतू ठाऊक नव्हते. आजचे वैद्यक निर्जंतुक सुई व साबणाने धुतलेले हात यांचा आग्रह धरते. छिद्र पिकल्यास दागिना परस्पर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे, असेही ते सांगते; कारण छिद्र मिटून पू आत कोंडण्याची भीती असते. उपाय बदलले, परंतु टोचलेले छिद्र भरून येईपर्यंत जखमच असते, हे सुश्रुताचे सूत्र अद्याप ढळलेले नाही.