अ‍ॅटिट्यूड: शब्द नवा, ताठ मान जुनी

आज एका शब्दाविषयी बोलूया. प्रशिक्षणात साहेब आपल्याला सांगतात, "पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड ठेवा." पोरं मोबाइलच्या स्टेटसला तोच शब्द मिरवतात. पण गटाचं पासबुक बघायला मागणाऱ्या बाईला ऐकावं लागतं, "हिला फार अ‍ॅटिट्यूड आलाय!" एकाच शब्दाची अशी दोन तोंडं कशी?

हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला, तो चित्रकलेतून. चित्रातला किंवा पुतळ्यातला माणूस कसा उभा आहे, ती अंगाची ठेवण म्हणजे अ‍ॅटिट्यूड. पुढे तो मनाच्या ठेवणीला, म्हणजे वृत्तीला लागला. शिष्टपणा हा अर्थ त्यानंतरचा. आपल्या मराठीतही तसंच आहे. पवित्रा पैलवान घेतो, तसा पुढारीही घेतो. ताठ उभं राहण्यावरूनच ताठा आला. ताठ मान म्हटलं की कौतुक, ताठा म्हटलं की दूषण!

उभं कसं राहायचं, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांपुढेही होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितलं, जातीची खूण ठरलेली लुगड्याची पद्धत आणि दागिने सोडा. स्त्रियांनी लगेच लुगडं नेसायची पद्धत बदलली. नेसण्यातला तो बदल म्हणजे वागण्यातलाच बदल होता.

मग आपलं नाशिक. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांसोबत दादासाहेब गायकवाड होते. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या दारांशी पहिली तुकडी बसली, तिच्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. सत्याग्रह काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. तरी त्या स्त्रियांनी घेतलेली जागा इतिहासात राहिली. अ‍ॅटिट्यूड हा शब्द त्यांच्या कानावरून गेलाही नसेल. त्याचा पहिला, उभं राहण्याचा अर्थ मात्र त्या जगल्या.

आता आपल्या बैठकीकडे येऊ. एखादी बाई दुसरीला तुच्छ लेखत असेल, तर तिला जरूर टोकावं. पण हिशोब विचारला, सही करण्याआधी कागद वाचून मागितला, म्हणून कुणाला अ‍ॅटिट्यूड चिकटवत असतील, तर आपण सगळ्यांनी मिळून एवढंच विचारायचं: "तिनं विचारलं ते खरं की खोटं, ते आधी सांगा."